४,२९,४९,६७,२९७ : फर्माचा अंदाज आणि ६४१
पार्श्वभूमी

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ येते. २ च्या १, २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या फर्मा संख्या येतात; त्या ओळीत ती पुढची. मोजणी शून्यापासून होते, म्हणून तिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात. आधीच्या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून १६४० मध्ये फ्रेंच गणिती प्येर द फर्माने पुढच्याही सगळ्या मूळच असतील असे मत पत्रातून कळवले, पण सिद्धता त्याच्याजवळ नव्हती. १७२९ मध्ये गणिती गोल्डबाखने गणिती ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ते खोडले: ही संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

विभाजक सापडला कसा, हे ऑयलरने तेव्हा लिहिले नाही. कळीचा नियम त्याने पुढे सिद्ध केला. मूळ संख्या प हिने आपल्या संख्येला भाग जात असेल, तर प ने भागल्यावर २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ येते आणि त्याआधीच्या कोणत्याही घाताची येत नाही. म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. एरवी वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. आता उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. ऑयलरचे खरे कर्तृत्व या चाळणीत आहे, भागाकारात नाही. १८७८ मध्ये फ्रेंच गणिती ल्यूकाने ६४ च्या जागी १२८ आणले. मग २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात, आणि २५७ स्वतः फर्मा संख्या असल्याने बाद होते, कारण दोन फर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो.

भागाकार न करताही पडताळा होतो. ६४१ = ५ × १२८ + १, तसेच ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २ चा ७ वा घात याची ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे भाग जायला १ कमी पडतो). दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला की ६२५ × २ चा २८ वा घात याची बाकी १. ६२५ च्या जागी −१६ घाला: २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. म्हणजेच ६४१ ने नि:शेष भाग जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे. त्यासाठी ल्यूकाच्या नियमाने तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ या चारच संख्या तपासाव्या लागतात.

फर्माच्याच लघुप्रमेयाने हा अंदाज कोसळला असता. ते सांगते की संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पायाचा (त्या संख्येहून १ ने कमी) इतका घात घेऊन तिने भागले की बाकी १ येते. मात्र पाया २ घेतला तर चाचणी फसवते: बाकी १ येते आणि संख्या मूळ असल्याचा भास होतो. पाया ३ घेऊन ३२ वेळा वर्ग करत गेले, तर बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. ती १ नाही, म्हणून संख्या संयुक्तच.

ही चाचणी संगणकावर करताना ३२-बिटी पूर्णांक चालत नाही, त्यात २ च्या ३२ व्या घातापेक्षा लहान संख्याच मावतात आणि ही संख्या १ होऊन बसते. चिन्हासहित (ऋण संख्याही धरणारा) ६४-बिटी पूर्णांकही अपुरा पडतो. बाकी सुमारे ३०३ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली की तिचा वर्ग त्यात मावत नाही, आणि उत्तर कोणतीही सूचना न देता चुकते. म्हणून गुणाकार १२८-बिटी ठेवावा.