चाकं थांबतात, गाडी थांबत नाही

बर्फ पडायला लागला की मनालीहून एक व्हिडिओ हमखास येतो. सोलांगच्या वरच्या वळणावरून एक गाडी उतरतेय. वेग माणसाच्या चालीइतका. चालकाने ब्रेक पुरता दाबलाय, चारही चाकं जागच्या जागी थांबलीत आणि तरीही गाडी संथपणे दरीच्या बाजूला सरकत चाललीय. अशी गाडी कित्येकदा चांगली दणकट फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी असते. आपल्याकडून आता बरेच जण स्वतःची गाडी घेऊन तिकडे जातात, म्हणून यामागचं विज्ञान नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीजवळ रोहतांग खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी पलीकडे जायचा रस्ता खिंडीवरूनच होता आणि तो हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असायचा. आता सिस्सू, कोकसर ही खिंडीपलीकडच्या लाहौलची गावं भर हिवाळ्यातही मनालीहून गाठता येतात. बोगद्याची दोन्ही तोंडं समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर आहेत. म्हणजे काल सपाट हायवेवर असलेली गाडी आज गोठलेल्या घाटात उभी असते, त्याच टायरांवर.

गाडी केवढीही असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो साधारण तळहाताएवढ्या चार तुकड्यांपुरता. चालणं, वळणं, थांबणं, सगळं त्या चार तळहातांच्या पकडीवर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.७ च्या आसपास असतो. दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ पर्यंत उतरतो, काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१, आणि त्या थरावर पाणी सुटलं असेल तर ०.०५ सुद्धा. मराठीत आपण या सगळ्याला ‘बर्फ’च म्हणतो. पण भुसभुशीत पांढरा बर्फ आणि रस्त्यावर काचेसारखा चढलेला बर्फ ही चालकाच्या दृष्टीने दोन वेगळी संकटं आहेत. दुसरं फार वाईट.

आकडे मांडून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर साधारण ९ मीटरांत थांबते. ०.१ च्या बर्फावर तिला ६३ मीटर लागतात. वेग निम्मा, म्हणजे २० केला, तर अंतर निम्मं न होता चौथाई होतं, सुमारे १६ मीटर. हा झाला सपाट रस्ता. उतारावर दहा मीटर जाताना रस्ता एक मीटर खाली जात असेल, तर ०.१ ची सगळी पकड गाडीला नुसतं धरून ठेवण्यातच खर्च होते; थांबवायला काही उरतच नाही. असे उतार घाटात पदोपदी असतात. व्हिडिओतल्या गाडीचं नेमकं हेच होतं. तिचा ब्रेक शाबूत असतो, चाकाखालचा रस्ताच नाहीसा झालेला असतो.

बर्फ इतका निसरडा का? शाळेत शिकवलेलं उत्तर असं, की दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याचा थर तयार होतो. पण दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढ्याने वाढला, तर बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागानेही उतरत नाही. टायर जमिनीवर जेमतेम दोन-सव्वादोन वातावरणांचा दाब टाकतो. त्याने उणे पाच अंशांवरचा बर्फ वितळणं शक्यच नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक पातळ थर असतो, असं इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८५० मध्ये सुचवलं होतं. पुढे १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी घासण्याच्या उष्णतेनेही पाणी सुटतं हे दाखवलं. आजची समजूत अशी: आतल्या रेणूंना चहूबाजूंनी शेजारी धरून असतात, वरच्या रेणूंना वरून धरणारं कोणी नसतं, म्हणून ते सैल राहतात आणि सहज सरकतात. शून्य अंशाजवळ ही सैलाई सर्वांत जास्त. उणे वीस-तीसमध्ये बर्फ उलट बराच कमी घसरतो.

त्यामुळे हिमाचलात भीती असते ती दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणाऱ्या पाण्याची. डोंगराच्या सावलीतल्या वळणावर हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो, की खालचं डांबर स्वच्छ दिसतं. रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावर तर तो सर्वांत आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही.

मग गाडी कोणती घ्यावी? माझं मत ठाम आहे: आधी टायर पाहा, इंजिन नंतर. फोर-बाय-फोरची सोय गाडीला निघायला आणि चढायला मदत करते, कारण ताकद दोनाऐवजी चार चाकांत वाटली जाते. पण ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतो. थांबण्याच्या बाबतीत फोर-बाय-फोरचा काडीचाही फायदा नाही. उलट एक तोटा आहे. साध्या गाडीची चाकं निघतानाच जागेवर गरगरून चालकाला सावध करतात. फोर-बाय-फोर गुमान वर चढून जाते आणि खरी परिस्थिती उतारावरच कळते. जड गाडी जास्त पकड घेते हेही फसवं आहे. वजनाने पकड वाढते, तेवढाच तिला थांबवायचा भारही वाढतो.

थंडीत रबर बदलतं. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरेनासं होतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीवर अगदी बारीक चिरा असतात. चाक टेकलं की चिरांच्या कडा बर्फाला ओरबाडतात. खोबणींत बर्फ भरतो तोही उपयोगी, कारण बर्फ बर्फाला चांगला धरतो. जपानमध्ये पूर्वी लोखंडी खिळ्यांचे टायर सर्रास असत. ते डांबर किसायचे, त्या धुळीने शहरं गुदमरायची. १९९० मध्ये कायद्याने त्यांना आळा बसला. त्याच सुमारास तिथे सूक्ष्म बुडबुडे असलेल्या रबराचे टायर पुढे आले, जे पाण्याचा तो पातळ थर टिपकागदासारखा टिपतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात.

आपल्याकडे असे टायर सहजी मिळत नाहीत, म्हणून साखळ्या, म्हणजे स्नो चेन. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या पायवाटेवर झावळ्या घालतात, तसाच हा उपाय: गुळगुळीत पृष्ठभागावर काहीतरी खरबरीत आणायचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला साखळी पुढेच हवी. शक्य असेल तर चारही चाकांना घालावी. नुसती पुढे असली तर उतारावर मागचा भाग भोवंडू शकतो. वेग ताशी ३० च्या आत ठेवावा आणि कोरडं डांबर लागलं की साखळ्या काढाव्यात.

घाटातला आपला जुना नियम, ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा, इथेही चालतो; फक्त क्लच हळुवार सोडायचा, नाहीतर इंजिनच चाकं अडवतं. पकडीचा शिधा ठरलेला असतो. तो सगळा ब्रेकवर खर्च केला तर वळायला काही राहत नाही, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक पुरतं अडू न देणारी यंत्रणा असेल तर ब्रेक दाबून धरा, पायाखाली थरथरलं तरी सोडू नका. ताज्या भुसभुशीत बर्फात एबीएसने अंतर थोडं वाढतं, कारण अडलेलं चाक स्वतःपुढे बर्फाचा ढीग करतं तो फायदा जातो. पण स्टिअरिंग हातात राहतं.

आणि साखळ्या विकत घेतल्यात, तर निघण्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा बसवून पाहा. हातमोजे घालून, टॉर्चच्या उजेडात. कोकसरच्या वाऱ्यात बोटं बधिर झाल्यावर साखळीचा आकडा (हूक) कुठे अडकवायचा हे शोधत बसायची वेळ येऊ नये.