पंख असून पाणी ओलांडेना

पावसाळा सरता सरता राधानगरी धरणाच्या फुगवट्याकाठी गेलं, की समोरच्या टेकड्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या दिसतात. पाणी अजून थोडं चढलं तर यातली एखादी बेटच होईल, असं मला दर वेळी वाटतं.

पनामात तसं खरंच झालं. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून तलाव भरला आणि जंगलाने झाकलेल्या एका डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. तेच बारो कोलोरॅडो बेट. क्षेत्रफळ सुमारे १५.६ चौरस किलोमीटर. १९२३ साली ते राखीव झालं.

कुऱ्हाड थांबली, तरी पक्षी घटत गेले. काहींचं कारण सरळ होतं : जुन्या मोकळ्या जागांवर रान दाटलं, माळावरचे पक्षी गेले. पण गर्द झाडीतलेही गेले, हे कोडं होतं. आपल्याकडे नांगरामागे बगळे चालतात ना, तसे तिथे लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे काही पक्षी फिरतात आणि घाबरून उडालेले किडे टिपतात. त्यांच्यातलेही काही बेटावरून नाहीसे झाले. पलीकडचा काठ काही शे मीटरवर. मग तिकडून नवे का आले नाहीत?

संशोधकांनी पक्षी पकडले, होडीतून तलावात नेले आणि काठापासून १००, २००, ३०० मीटरवर सोडले. २००८ साली निष्कर्ष छापून आले. काही जाती सहज पार झाल्या. काहींना १०० मीटरही जमेनात. ते पाण्यात पडले, त्यांना उचलून घ्यावं लागलं. रंकाळ्यावरच्या पाणकावळ्याला हसूच येईल! पण जन्मभर एका झुडपातून दुसऱ्या झुडपात जाणाऱ्याला मोकळं पाणी म्हणजे भिंतच.

शाहूवाडी, आजऱ्याकडची एखादी देवराईही बेटच असते, फक्त भोवती पाण्याऐवजी ऊस. धनेशाला त्याचं काही नाही. तो उंबर खाऊन वरून निघून जातो, जाता जाता बिया टाकतो. पाचोळ्यातल्या बेडकाला मात्र उन्हाने तापलेलं रान ओलांडणं अवघड. त्याला वाट असते ती ओढ्याकाठच्या करंज-जांभळांच्या सावलीतली, ओलीची. आणि उसाची एक सरी जास्त बसावी म्हणून पहिल्यांदा तुटते ती हीच झाडं.