अमेरिकेतले पहिले दोन पक्ष निघाले कर्जाच्या भांडणातून

अमेरिकेची १७८७ ची मूळ घटना वाचून काढा, राजकीय पक्षांचा उल्लेख कुठे म्हणजे कुठे सापडणार नाही. लिहायचं राहून गेलं असं नाही, त्या लोकांना पक्ष नकोच होते. गटबाजीनं प्रजासत्ताकं बुडतात असं ते मानायचे, आणि जेम्स मॅडिसनने घटनेच्या बाजूने जे लेख लिहिले त्यातला एक अख्खा लेख गटबाजीला आवर कसा घालायचा यावरच आहे. मजा म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांत हाच मॅडिसन विरोधी पक्ष बांधत होता, आणि कोणाच्या विरोधात, तर त्या लेखमालेतला त्याचा जोडीदार अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या!

म्हणून "घटनेचे समर्थक ते फेडरलिस्ट, विरोधक ते पुढे जेफरसनचे रिपब्लिकन" हे जे सरधोपट सांगितलं जातं ते पटत नाही. (फेडरलिस्ट म्हणजे हॅमिल्टनचा पक्ष, रिपब्लिकन म्हणजे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन आणि मॅडिसनचा; आजचा रिपब्लिकन पक्ष तो वेगळा.) मॅडिसन तर समर्थकांत सगळ्यात पुढे होता. भांडण लागलं ते घटनेवरून नाही, पैशावरून लागलं.

झालं असं की स्वातंत्र्ययुद्धात वारेमाप कर्ज झालं होतं. केंद्राच्या डोक्यावर साधारण ५.४ कोटी डॉलर, शिवाय राज्यांचं वेगळं अडीच कोटीच्या आसपास. सैनिकांना पगाराऐवजी 'पैसे नंतर देऊ' असे सरकारी कर्जाचे कागद दिलेले, आणि घरी चूल पेटवायची तर तो कागद काय कामाचा, म्हणून बिचाऱ्यांनी ते मिळेल त्या भावाला विकून टाकले. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने योजना मांडली की कागद आज ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण किंमत द्यायची, आणि राज्यांचं कर्जही केंद्रानेच घ्यायचं. त्याचा हिशोब सरळ होता, सावकार मंडळींचा पैसा नव्या सरकारमध्ये अडकला की ते सरकार टिकवायला स्वतःच धडपडतील.

पण गावोगावच्या माजी सैनिकांना हे कळायच्या आत न्यूयॉर्कचे दलाल कामाला लागले. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने प्रतिनिधीगृहात उभं राहून सांगितलं की गेल्या पंधरवड्यात याच बंदरातून सट्ट्यासाठी, म्हणजे हे कागद स्वस्तात उचलायला, तीन जहाजं सुटली आहेत. मॅडिसन म्हणाला, आताच्या मालकाला बाजारभाव द्या आणि उरलेले पैसे मूळ सैनिकाला. ऐकायला न्याय्य, करायला महाकठीण, कारण कागद किती हातांतून फिरलाय याचा माग कोण काढणार? ३६ विरुद्ध १३ मतांनी प्रस्ताव पडला. मला विचाराल तर फाटलं ते इथेच.

राज्यांच्या कर्जाचा मुद्दा मात्र अडकला, कारण व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंचसं कर्ज फेडलेलं, त्यांनी मॅसॅच्युसेट्सचं का भरायचं? जेफरसनने पुढे लिहून ठेवलंय की हॅमिल्टन त्याला अध्यक्ष वॉशिंग्टनच्या दारासमोर भेटला, चेहरा उतरलेला, आणि अर्धा तास तिथेच त्याला येरझाऱ्या घालायला लावत विनवत राहिला. मग जून १७९० मध्ये जेफरसनच्या घरी जेवण झालं, मॅडिसनही होता, आणि सौदा ठरला: कर्ज केंद्राकडे, बदल्यात राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात राहून कायमची पोटोमॅक नदीकाठी. नंतर जेफरसनला याचा भयंकर पश्चात्ताप झाला, आपल्याला हॅमिल्टनने गंडवलं असं तो म्हणत राहिला. राजधानी मिळाली ते सोयीस्कर विसरून :)

१७९१ मध्ये हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक आली तेव्हा फाळणी उघड दिसली, विरोधातली जवळजवळ सगळी मतं दक्षिणेतली. जेफरसन म्हणाला घटनेत बँक काढायचा अधिकार लिहिलेला नाही, हॅमिल्टन म्हणाला दिलेली कामं करायला लागतात ते अधिकार त्यात आलेच. वॉशिंग्टनने सही केली.

आता पक्ष चालवायचा तर लोकांपर्यंत पोचायला पेपर हवा. हॅमिल्टनच्या बाजूला जॉन फेनोचा पेपर होताच, त्याला सरकारी छपाईची कामं मिळायची. मग जेफरसनने काय करावं, तर फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला, जो मॅडिसनचा कॉलेजातला दोस्त, आपल्या परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकाराची नोकरी दिली आणि ऑक्टोबर १७९१ पासून या सरकारी पगारी माणसाचा पेपर सरकारलाच झोडपायला लागला. मंत्री स्वतः मंत्रिमंडळात बसलेला बरं का! वॉशिंग्टनच्या घरी तीन-तीन प्रती जायच्या, तो इतका वैतागला की एका बैठकीत फ्रेनोच्या नावाने अक्षरशः फुटला. जेफरसनने त्याला काढलं नाही ते नाहीच.

इथपर्यंत सगळं राजधानीतल्या पुढाऱ्यांचं होतं, सामान्य माणूस यात ओढला गेला तो फ्रान्समुळे. १७९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटलं, आणि गावागावात तू क्रांतीच्या बाजूचा की इंग्रजांच्या असं सुरू झालं, क्लब निघाले, मिरवणुका निघाल्या. त्यात जॉन जे या मुत्सद्द्याने ब्रिटनशी केलेला करार, ज्याच्यावरून त्याचे पुतळे जाळले. १७९६ मध्ये कराराच्या खर्चाला प्रतिनिधीगृहाने ५१ विरुद्ध ४८ अशी जेमतेम मंजुरी दिली, आणि तोवर कोण कुठल्या बाजूचा हे सगळ्यांना पाठ झालेलं.

त्याच वर्षी वॉशिंग्टनने निरोपाच्या संदेशात पक्षबाजीपासून सावध राहा म्हणून बजावलं. संदेशाचा मसुदा मात्र मुख्यतः हॅमिल्टनने लिहिलेला, आता बोला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फेडरलिस्ट जॉन अॅडम्सला ७१ मतं, जेफरसनला ६८ (ही थेट लोकांची नव्हे, राज्याराज्यांच्या निर्वाचकांची मतं), आणि दुसरा आलेला उपाध्यक्ष व्हायचा या नियमाने अध्यक्ष एका पक्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्या. १८०० मध्ये तर जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा एरन बर दोघांना ७३-७३, मग प्रतिनिधीगृहात मतदानाच्या ३६ फेऱ्या. शेवटी १८०४ मध्ये बारावी दुरुस्ती करून दोन्ही पदांसाठी वेगवेगळं मत द्यायची सोय केली.

आणि त्या बँकेचं? १८११ मध्ये मुदत संपली, मुदतवाढ मिळाली नाही, मग ब्रिटनशी पुन्हा युद्ध होऊन तिजोरीचे हाल झाले, आणि १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही केली अध्यक्ष जेम्स मॅडिसनने. त्याच वर्षी फेडरलिस्टांचा अध्यक्षपदाचा शेवटचा उमेदवार रूफस किंग ३४ मतं घेऊन हरला.