कॅनेडियन जॉनर चित्रपट : लोकप्रियता आणि योग्यता

भयपट, विज्ञानपट, थरारपट, चावट विनोदी सिनेमा अशा ठरीव साच्यांतले जे चित्रपट कॅनडात किंवा मुख्यतः कॅनेडियन पैशावर तयार झाले, त्यांना सैलपणे दिले जाणारे नाव. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या चित्रपटांना देशाबाहेर निष्ठावंत प्रेक्षक मिळत गेला. मायदेशी समीक्षकांनी मात्र बराच काळ नाक मुरडले. त्यामुळे प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले हे चित्रपट खरोखर त्या तोलाचे आहेत का, हा वाद या विषयाला जन्मापासून चिकटलेला आहे. थोडक्यात उत्तर असे देता येईल : ज्याची तिकिटे सर्वांत जास्त खपली त्याच्या बाबतीत नाही, ज्यांना प्रेक्षक हळूहळू, कॅसेट-डीव्हीडीच्या वाटेने मिळाला त्यांच्या बाबतीत बहुधा होय.

कॅनडाची चित्रपटातली पत माहितीपटांवर उभी राहिली. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फिल्म बोर्डाने आणि त्याचे पहिले प्रमुख जॉन ग्रिअर्सन यांनी, सिनेमा म्हणजे नागरिकाला शहाणे करण्याचे साधन, अशी शिस्त घालून दिली. करमणूक हॉलिवूडकडून यायची. देशी कथापट निघावेत म्हणून १९६७ मध्ये कॅनेडियन फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याचेच पुढे टेलिफिल्म कॅनडा झाले. पण चित्रपटांचा खरा पूर आणला तो करखात्याने. १९७० च्या दशकाच्या मध्यात, कॅनेडियन म्हणून प्रमाणित झालेल्या चित्रपटात गुंतवलेली सगळी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय झाली. दातांचे डॉक्टर आणि वकील हेच त्या काळातले खरे निर्माते, अशी थट्टा तेव्हापासून चालत आली आहे. १९७९ च्या सुमारास वर्षाला साठच्या वर कथापट निघू लागले. त्यांतले कित्येक पडद्यावर आलेच नाहीत, कारण गुंतवणूकदाराचे काम कर वाचला तिथेच झाले होते. पैसे वर्षअखेरीस गोळा व्हायचे, म्हणून चित्रीकरणही पुष्कळदा थंडीच्या तोंडावर. या काळातल्या अनेक चित्रपटांत झाडे निष्पर्ण आणि उजेड राखाडी दिसतो, त्याचे श्रेय दिग्दर्शकाइतकेच कॅलेंडरलाही द्यावे लागते. दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या ‘स्कॅनर्स’चे (१९८१) चित्रीकरण तर पटकथा पुरी नसतानाच सुरू झाले. त्यातले फुटणारे डोके सर्वांना आठवते, कथेचे सांधे कोणालाच नीट सांगता येत नाहीत, यामागे हेही एक कारण आहे.

वादाची ठिणगी पडली ती क्रोननबर्ग यांच्याच ‘शिव्हर्स’मुळे (१९७५). माँट्रियलजवळच्या नन्स आयलंडवरील एका निवासी टॉवरमध्ये परजीवी किडे पसरतात आणि तिथले सभ्य भाडेकरू वासनेने पिसाळतात, असे याचे कथानक. महामंडळाचे पैसे त्यात होते. रॉबर्ट फुलफर्ड या पत्रकाराने टोपणनावाने ‘सॅटर्डे नाइट’ मासिकात लेख लिहिला; हा चित्रपट किती वाईट आहे ते तुम्हाला कळायला हवे, शेवटी पैसे तुम्हीच भरलेत, अशा अर्थाचा त्याचा मथळा होता. प्रकरण संसदेपर्यंत गेले. या लेखापायी टोरंटोतले भाड्याचे घर सोडावे लागले, असे क्रोननबर्ग सांगत आले आहेत. गंमत अशी, की महामंडळाला घातलेले पैसे परत मिळवून देणाऱ्या त्या काळातल्या मोजक्या चित्रपटांत ‘शिव्हर्स’ होता. आज तो पाहताना फुलफर्ड यांची बाजू अगदीच पोकळ वाटत नाही : अभिनय कच्चा आहे, प्रकाशयोजना सपाट आहे, काही प्रसंग निव्वळ किळस आणण्यासाठी आहेत. तरी शेवट पाहावा. सगळे रहिवासी लागण झालेले, चेहरे शांत, केस विंचरलेले. तळघरातल्या पार्किंगमधून एकामागून एक मोटारी बाहेर पडतात आणि शहराच्या दिशेने निघतात, जणू सोमवारी सकाळी कामावरच चालले आहेत. ही थंड नीटनेटकी भीती तेव्हाच्या अमेरिकी भयपटात क्वचितच सापडते, आणि प्रेक्षकाने ती समीक्षकाच्या आधी ओळखली.

त्याआधी एक वर्ष बॉब क्लार्क यांचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) येऊन गेला होता. क्लार्क मूळचे अमेरिकी. चित्रपट मात्र टोरंटोत घडवलेला. नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात अश्लील फोन येतात आणि एकेक मुलगी नाहीशी होत जाते. खुनी माणसाच्या नजरेने फिरणारा कॅमेरा इथे ‘हॅलोविन’ या गाजलेल्या अमेरिकी खूनपटाच्या (१९७८) चार वर्षे आधी दिसतो. छायाचित्रण चमूतील बर्ट डंक यांनी कॅमेरा अंगावर बांधून घेतला आणि ते स्वतः घराच्या भिंतीवरच्या जाळीवरून माळ्यापर्यंत चढले. पण या चित्रपटाचे खरे बळ टेलिफोनमध्ये आहे. फोन कुठून येतो हे शोधण्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस यांत्रिक स्विचांच्या उंच रांगांमधून अक्षरशः धावतो, कान लावत, खडखडाटाचा माग काढत. तिकडे मुलीला खुन्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचे असते. मोबाइलच्या पिढीला ही तारांबळ समजावून सांगावी लागते, पण दृश्य सुरू झाले की समजावण्याची गरज उरत नाही. खुनी कोण, त्याचे पूर्वायुष्य काय, हे चित्रपट सांगत नाही. शेवटी श्रेयनामावलीवर फोन नुसता वाजत राहतो. अमेरिकेत पहिल्या प्रदर्शनात त्याची फारशी कदर झाली नाही. पुढच्या दशकांत वाढत गेलेली त्याची कीर्ती पुरेपूर कमावलेली आहे.

करसवलतीच्या लाटेतल्या बाकीच्या खूनपटांबद्दल तसे म्हणता येत नाही. जेमी ली कर्टिस असलेला ‘प्रॉम नाइट’ (१९८०) आज प्रामुख्याने स्मरणरंजनावर जगतो. त्यात नाचगाणे भरपूर आणि भीती बेताची. अपवाद ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा (१९८१). नोव्हा स्कोशियातील सिडनी माइन्स येथील खऱ्या कोळसा खाणीत तो चित्रित झाला. पाहुणे येणार म्हणून गावकऱ्यांनी खाण घासूनपुसून रंगवून ठेवली आणि निर्मात्यांना ती पुन्हा मळवण्यासाठी पैसे मोजावे लागले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. यातले बळी कॉलेजची पोरे नाहीत. पाळीवरून सुटून बिअर प्यायला बसणारे खाणकामगार आहेत, आणि ज्या अपघातातून कथा निघते तो वरिष्ठांच्या हलगर्जीपणाने झालेला आहे. अमेरिकी मानांकन मंडळाने त्यातली बरीच हिंसा कापायला लावली. त्यातली काही दृश्ये २००९ च्या डीव्हीडीत परत आली तेव्हा त्याचे चाहते आणखी वाढले. खरे तर ती दृश्ये नसतानाही चित्रपट उभा होता.

‘पोर्कीज’चे (१९८१) प्रकरण लवकर आटोपता येते. दिग्दर्शक पुन्हा बॉब क्लार्क, पैसा कॅनेडियन, चित्रीकरण आणि कथा फ्लोरिडातील. टवाळ पोरांच्या या चावट विनोदपटाने अमेरिकेत दहा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि कॅनडात सर्वाधिक कमाईबद्दल मिळणारा गोल्डन रील पुरस्कारही पटकावला. या यादीत सर्वांत मोठा प्रेक्षक याला लाभला आणि सर्वांत कमी शिल्लकही यातच आहे. त्यात कॅनडा शोधून सापडत नाही.

१९८० च्या दशकात करसवलत कमी होत गेली आणि लाट ओसरली. पुढच्या पिढीला पैसा कमी मिळाला, आणि तो कल्पकतेने खर्चावा लागला. व्हिन्चेन्झो नाताली यांचा ‘क्यूब’ (१९९७) कॅनेडियन फिल्म सेंटरच्या योजनेतून, सुमारे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरमध्ये बनला. सहा अनोळखी माणसे घनाकार खोल्यांच्या अजस्र चक्रव्यूहात जागी होतात. काही खोल्यांत जीवघेणे सापळे आहेत. पडद्यावर हजारो खोल्या असल्याचा भास होतो, पण उभारलेली पूर्ण खोली एकच होती, साधारण चौदा फुटांची. तिच्या भिंतींमागचे रंगीत फलक बदलले की ती लाल, निळी, हिरवी होई. फलक बदलायला वेळ लागे, म्हणून एका रंगाची सगळी दृश्ये एकदम उरकली जात. नटांना कथा उलटसुलट क्रमाने जगावी लागली. संगणकीय दृश्यपरिणाम करणाऱ्या टोरंटोच्या कंपनीने ते काम फुकट करून दिले.

‘क्यूब’ फ्रान्समध्ये आणि जपानमध्ये विशेष गाजला. जपानमध्ये २०२१ साली त्याची नवी आवृत्तीही निघाली. त्याच्यातले दोष मोठे आहेत. पोलिसाचे काम करणारा नट पहिल्या अर्ध्या तासातच आवाज टिपेला नेतो आणि मग तिथून वर जायला जागा उरत नाही. गणिताचा तर आनंदच आहे. कोणत्या खोलीत सापळा आहे ते खोल्यांवरच्या तीन अंकी संख्यांवरून कळते, पण त्यांचे मूळ अवयव पाडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे अडकलेल्यांतली गणिताची हुशार विद्यार्थिनी सांगते. वास्तविक २ पासून ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम भागते, आणि सम संख्या किंवा ५ ने संपणारी संख्या असेल तर तेवढेही करावे लागत नाही. आपल्याकडे आठवीतला मुलगा भागाकार करत करत त्या चक्रव्यूहातून बाहेर पडला असता. असे असूनही चित्रपट पकड घेतो, कारण हे यंत्र कोणी आणि का बांधले याचे उत्तर तो भयंकर साधे देतो : कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचा तुकडा तेवढा केला. एकाने बाहेरचे कवच आखले, पगार घेतला, विचारले नाही. सरकारी-निमसरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

‘जिंजर स्नॅप्स’ (२०००) या जॉन फॉसेट दिग्दर्शित आणि कॅरन वॉल्टन लिखित चित्रपटाला चित्रीकरणाआधीच विरोध झाला. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कोलंबाइन आणि पाठोपाठ अल्बर्टातील टेबर येथील शाळांत गोळीबार झाले होते. शाळकरी मुलांच्या रक्तरंजित चित्रपटाला टेलिफिल्मचा सरकारी पैसा मिळतो म्हणून वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि टोरंटोतल्या पात्रनिवड करणाऱ्यांनी हात आखडले. प्रत्यक्षात हा चित्रपट दोन बहिणींचा आहे. थोरलीला पाळी सुरू होते त्याच रात्री लांडगा चावतो. पुढे अंगात जे बदल होतात ते कशामुळे, हा प्रश्न शाळेतली परिचारिका सराईतपणे, माहितीपत्रक हातात ठेवून निकालात काढते. तो प्रसंग एकाच वेळी हसवतो आणि पोटात गोळा आणतो. शेवटचा रबरी लांडगा फसला आहे, हे त्याचे कट्टर चाहतेही कबूल करतात. पण किशोरवयीन मुलींच्या तोंडी इतकी तिरकस, चटपटीत आणि खरी भाषा देणारा भयपट त्याआधी शोधावा लागतो. थिएटरात तो फार चालला नाही. मुलींनी तो घरी पाहिला, मैत्रिणींना दिला आणि जिवंत ठेवला.

ब्रूस मॅकडोनल्ड यांच्या ‘पॉन्टीपूल’मध्ये (२००८) रोग पसरतो तो इंग्रजी शब्दांतून, आणि चर्चच्या तळघरातल्या रेडिओ केंद्रात अडकलेली माणसे मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलून जीव वाचवू पाहतात. द्विभाषिक देशाशिवाय हा विनोद कोणाला सुचला नसता. उत्तरार्धात कल्पना घोटाळते, तरी पूर्वार्धासाठी त्याला माफ करावे. एडमंटनच्या काइल एडवर्ड बॉल यांचा ‘स्किनामरिंक’ (२०२२) सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये, त्यांच्या बालपणीच्या घरात चित्रित झाला. महोत्सवातून त्याची प्रत चोरीला जाऊन समाजमाध्यमांवर फुटली आणि त्या गाजावाजाने त्याने तिकीटबारीवर वीस लाखांच्या आसपास डॉलर मिळवले. अंधारी छते, दारांच्या चौकटी, जमिनीवर ठेवलेला टीव्ही. लहानपणी रात्री जाग आल्यावरची भीती त्यात नेमकी आहे, पण ती वीस मिनिटांची आहे आणि चित्रपट शंभर मिनिटांचा. इथे प्रेक्षकांनी पदरचे बरेच घातले.

उलटही घडते. मिगमाव आदिवासी समाजातील जेफ बार्नबी (मृत्यू २०२२) यांच्या ‘ब्लड क्वांटम’मध्ये (२०१९) गोऱ्यांना मृतसंचाराची (मेल्यावर उठून चालणाऱ्या झाँबींची) लागण होते आणि मूलनिवासींना होत नाही, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या राखीव वस्तीत कोंडले त्यांच्याच दारात आता गोरे निर्वासित आसरा मागत येतात. काळ १९८१ चा आहे. त्याच वर्षी क्वेबेकच्या पोलिसांनी सामन मासेमारीवरून लिस्तुगुज या मिगमाव वस्तीवर छापे घातले होते. बार्नबी त्याच वस्तीत वाढले. चित्रपटाच्या आरंभी म्हातारा कोळी सामन कापून, आतडी काढून ओळीने ठेवतो आणि थोड्या वेळाने ते पोट चिरलेले मासे तडफडू लागतात. टोरंटो महोत्सवाच्या ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागाचा तो २०१९ चा उद्घाटनपट होता. २०२० च्या वसंतात तो लोकांसमोर यायचा होता, तेव्हा साथीमुळे चित्रपटगृहांना कुलूप लागले होते, आणि साथीचा हा चित्रपट लोकांनी पाहिला तो घरात बसून, ज्यांनी पाहिला त्यांनी.