बुधवारी सकाळी कॉम्प्युटर का रेंगाळतो?

देवगडात आंब्याचा हंगाम, पेट्या भरून तयार, टेम्पो दारात. आणि बिल काढायला बसावं तर सॉफ्टवेअर उघडायलाच पाच मिनिटं. काल संध्याकाळपर्यंत मशीन ठणठणीत होतं. 'व्हायरस घुसला' म्हणून फॉरमॅट मारायला निघण्याआधी कॅलेंडर बघा.

मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. दुकानातलं मशीन त्या वेळी बंद. बुधवारी सकाळी बटण दाबलं की ते हे काम उरकायला घेतं, नेमकं गिऱ्हाईक समोर असताना.

खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. तिथे 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' किंवा 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसला आणि डिस्क १०० टक्क्यांवर असली, तर गुन्हेगार सापडला. पहिला फायली बदलतो, दुसरा त्या तपासतो. त्यांना जबरदस्तीने बंद करू नका. काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

प्रोसेसर मोकळा असूनही सगळं अडतं, कारण जुन्या मशीनमध्ये फिरती हार्डडिस्क असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करायला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर सुईचा दांडा सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ ठिकाणं. अपडेटला हजारो लहान फायली हाताळायच्या असतात, इकडे तिकडे विखुरलेल्या. वाडीवाडीत पांगलेल्या गावात पोस्टमनने एकेक पत्र पोचवावं, तसं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाहीच. ती सेकंदाला हजारो ठिकाणं सहज वाचते. रॅम वाढवण्याआधी पैसे इथे घाला.

दुसरी अडचण नेटची. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या मशीनला तो डेटा मोजून मिळतोय हे आपणहून कळत नाही. रोजचा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला, तर ५०० एमबीचं अपडेट उतरायला सतरा तास. सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. अगदी निकडीच्या गोष्टी वगळता डाउनलोड थांबतं. 'पॉज अपडेट्स'ने पाच आठवड्यांपर्यंत मुदत मिळते, हंगाम तेवढ्यात निघतो. पण कायमचं बंद करण्याचा सल्ला ऐकू नका. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेल्या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसविरुद्धची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती; ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले.

पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. निळ्या पडद्यावर टक्के चढत असताना लाइट गेली, तर पुढच्या वेळी विंडोज बहुधा बदल मागे घेतं, त्यात आणखी वेळ जातो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तगतो, अपडेटला कधी तासभर लागतो. म्हणून रीस्टार्ट आकाश निवळलेलं बघून करा, आणि रीस्टार्टच करा: 'शट डाउन'मध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. टक्के अडकले तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नका.

एकच अपडेट पुन्हा पुन्हा फसत असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' थांबवा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन असं जात 'डाउनलोड' फोल्डरच्या आतलं सगळं पुसा, फोल्डर ठेवा. दोन्ही सेवा सुरू करून रीस्टार्ट. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत. नसतील तर 'डिस्क क्लीनअप'मधून जुन्या अपडेटचा गाळ काढा.

दोन दिवस झाले, डिस्क शांत आहे आणि तरी मशीन रडतंय? मग टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचा वेग बघा. काम चालू असतानाही तो खाली लिहिलेल्या 'बेस स्पीड'च्या बराच खाली अडकला असेल, तर अपडेटचा दोष नाही. किनाऱ्यावरच्या खारट, दमट हवेत पंख्यावर धुळीचा चिकट थर बसतो, प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला वेग कमी करतो. मशीन बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने पंखा झाडा.