स्नेक प्लांट

ड्रासीना ट्रायफॅसिएटा या शास्त्रीय नावाची, अ‍ॅस्परॅगेसी कुलातील बहुवर्षायू शोभेची वनस्पती. मूळस्थान पश्चिम आफ्रिका, नायजेरिया ते काँगोचा पट्टा. जमिनीखालील मूलक्षोडातून (आडव्या खोडातून) जाड, ताठ, तलवारीसारखी पाने थेट वर येतात. गर्द हिरव्या पात्यावर फिकट राखी-हिरवे नागमोडी आडवे पट्टे असतात. सापाच्या कातडीशी असलेल्या या साम्यावरून झाडाला हे नाव मिळाले. मात्र ते कोणत्या विशिष्ट सापावरून पडले असे मानण्यास आधार नाही. गोव्यात बल्कांवापासून (घरापुढच्या ओसरीपासून) कार्यालयांपर्यंत कुंड्यांतून ती सर्वत्र दिसते.

नामकरणाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. ही जाती पूर्वी ‘सॅन्सेव्हिएरिया’ या वेगळ्या प्रजातीत गणली जाई. इटालियन वनस्पतिज्ञ पेतान्या यांनी 1787 मध्ये, ज्यांच्या बागेत ही प्रजाती पाहिली त्या काउंट सान्सेव्हेरिनो यांच्या सन्मानार्थ ‘सान्सेव्हेरिनिया’ हे नाव दिले. 1794 मध्ये स्वीडिश वनस्पतिज्ञ थुनबर्ग यांनी ‘सॅन्सेव्हिएरिया’ असे लिहिले. हा लेखनदोष होता, की सान्सेव्हेरोचे राजपुत्र रायमोंदो दी सांग्रो यांचा गौरव, यावर एकमत नाही. थुनबर्ग यांनी स्वतः खुलासा केलेला नसल्याने पहिली शक्यता अधिक साधी वाटते. प्रस्तुत जातीचे वर्णन वनस्पतिज्ञ डेव्हिड प्रेन यांनी 1903 मध्ये केले. पुढे जनुकीय अभ्यासांत ही सगळी प्रजाती ड्रासीनाच्याच वंशवृक्षात बसते असे दिसल्यावर वनस्पतिज्ञ मॅबर्ली यांनी 2017 मध्ये प्रस्तुत जातीचे ड्रासीनात स्थलांतर केले. रोपवाटिकांतून सॅन्सेव्हिएरिया हे जुनेच नाव चालते, आणि ते लवकर जाईल असे दिसत नाही.

भारतातील सजातीय वनस्पती ड्रासीना रॉक्सबर्घियाना ही होय. वनस्पतिज्ञ रॉक्सबर्ग यांनी ती श्रीलंकेतील जातीच्या नावाने नोंदवली होती. 1829 मध्ये ती वेगळी मानली गेली. तिच्या पानांचा चिवट धागा धनुष्याच्या दोरीसाठी वापरत, म्हणून संस्कृत ग्रंथांतील ‘मूर्वा’ हीच, असे अनेक कोशकारांनी लिहिले. मनुस्मृतीत क्षत्रियाची मेखला मूर्वेची सांगितली आहे. परंतु मूर्वा म्हणून मार्सडेनिया टेनॅसिसिमा, मोरवेल आणि केरळात कोनेमॉर्फा या वेलीही वापरात आहेत. भारताच्या अधिकृत आयुर्वेदीय औषधिसंहितेचा कौल मार्सडेनियाकडे असून तोच स्वीकारणे श्रेयस्कर. एकच नाव प्रांतोप्रांती वेगळ्या वनस्पतींना लागल्याची ही ठळक उदाहरणे आहेत.

पानांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसा पाणी कमी उडते आणि झाड आठवडेच्या आठवडे पाण्याविना तग धरते. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र उघड्यावरची कुंडी भिजत राहिली तर मूलक्षोड कुजते. पानाचा तुकडा मातीत खोचला तरी नवे रोप येते. पिवळ्या काठाच्या ‘लॉरेंटी’ या वाणात मात्र अशा तुकड्यातून पिवळा काठ न येता साधे हिरवे रोप उगवते, कारण काठाच्या पेशी वेगळ्या वंशाच्या असतात; काठ टिकवायचा तर मूलक्षोडाची विभागणी करावी लागते. 1989 च्या नासाच्या प्रयोगाचा दाखला देऊन ही वनस्पती घरातली हवा शुद्ध करते असे सांगतात. तो प्रयोग बंदिस्त पेटीतला होता. नेहमीच्या खोलीत एखाद-दुसऱ्या कुंडीने जाणवेल असा फरक पडत नाही. पानांतील सॅपोनिन नावाच्या रसायनांमुळे कुत्र्या-मांजरांना ओकाऱ्या होऊ शकतात.

हे झाड लावल्याने साप येत नाहीत, किंवा येतात, या दोन्ही समजुतींना पुरावा नाही. साप येतो तो उंदीर-बेडकांमागे, चिऱ्यांच्या गडग्यातील फटींच्या आडोशाला. गोव्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आढळतात. सह्याद्रीच्या रानांत नागराज, तसेच हिरव्या, तपकिरी, पिवळ्या अशा अनेक रंगांत आढळणारा मलबार चापडा हा विषारी साप आहे. पालापाचोळ्यात बेमालूम मिसळणारा नाकाड्या चापडाही या भागात आहे. पावसात वाटेलगतच्या फांदीवर चापडा तासन्‌तास निश्चल बसतो. हात लावण्याआधी फांदी नीट पाहणे हाच खरा बचाव.

वनस्पतींत सर्पविषाचा उतारा शोधण्याची परंपरा गोव्यात छापील स्वरूपात 1563 इतकी जुनी आहे. त्या वर्षी गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी लंकेतील ‘सर्पकाष्ठा’ची हकीकत दिली आहे: मुंगूस या मुळाचा रस अंगाला चोळून नागाशी झुंजतो. ती वनस्पती कोणती, याविषयी मतभेद आहेत. सर्पगंधा हे त्यांतील एक नाव. मुंगसाचा बचाव मुळाने होत नाही. त्याच्या स्नायूंवरील ग्राहकांना (चेतासंदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) नागाचे चेताविष, म्हणजे मज्जातंतूंचे काम बंद पाडणारे विष, नीट चिकटत नाही, हे आधुनिक संशोधनाने दाखवले आहे.

दंश झाल्यास स्नेक प्लांटचा रस वा कोणतेही मूळ लावण्यात वेळ घालवू नये. जखम कापू वा चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. दंशाचा अवयव हलू न देता 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. भारतात मिळणारे बहुसंयोजी (एकाहून अधिक सापांच्या विषांवर चालणारे) प्रतिविष वर सांगितलेल्या चार सापांच्या विषांपासूनच तयार होते. चापड्याच्या विषावर ते प्रभावी ठरत नाही, म्हणून साप नेमका कसा दिसला हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे ठरते. त्यासाठी साप पकडण्याची वा मारण्याची गरज नाही.