गाऊट: दोष ताटाचा कमी, किडनीचा जास्त

रक्ताच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड 7.5 किंवा 8 आलं की दोन गोष्टी लगेच होतात, एक म्हणजे माणूस आपल्याला गाऊट, म्हणजे सांधे अचानक सुजून दुखण्याचा आजार, झाला असं धरून चालतो आणि दुसरी म्हणजे घरातलं कुणीतरी टोमॅटो, पालक, डाळी सगळं बंद करून टाकतं. दोन्हीत घाई होते. युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात कधीच गाऊट होत नाही, त्यामुळे नुसता आकडा वाढलेला आहे आणि त्रास काहीच नाही तर सहसा गोळी लागत नाही. आणि ज्यांना खरोखर गाऊट होतो त्यांची मुख्य अडचणसुद्धा बहुतेक वेळा जेवणात नसतेच.

आधी हे युरिक ॲसिड येतं कुठून ते बघू. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो आणि त्याच्या बांधणीत प्युरीन नावाचे घटक असतात. पेशी सतत मरतात, नव्या बनतात, त्यात जुनं प्युरीन मोडतं आणि त्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं. जेवणातूनही प्युरीन येतंच, पण रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश हे शरीराचं स्वतःचं असतं, ताटातून येतं ते उरलेलं एक तृतीयांश. म्हणजे तुम्ही कितीही कडक पथ्य पाळलं तरी मोठा हिस्सा तुमच्या हातात नाहीच.

हे बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनी करते, थोडं आतड्यातून जातं. गंमत अशी की किडनी युरिक ॲसिड गाळते आणि गाळलेल्यातलं जवळपास 90 टक्के परत रक्तात घेते. ही परत घ्यायची व्यवस्था काही लोकांमध्ये जरा जास्तच उत्साहानं चालते आणि ते बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. गाऊटच्या दहापैकी साधारण नऊ पेशंटमध्ये युरिक ॲसिड जास्त बनत नसतं, बाहेर कमी पडत असतं. म्हणून एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला गाऊट होतो आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला होतो त्यालाच सगळे खाण्यावरून बोलतात.

बाकीच्या बहुतेक सस्तन प्राण्यांना ही कटकट नाही, कारण त्यांच्याकडे युरिकेज नावाचं एन्झाइम असतं जे युरिक ॲसिडचं आणखी विघटन करून पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ बनवतं. आपल्या पूर्वजांमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याचं जनुक बिघडलं ते कायमचंच, मोठ्या वानरांकडेही ते चालू नाही. का बिघडलं आणि बिघडूनही का टिकलं यावर बऱ्याच थिअऱ्या आहेत, मला त्यातली एकही पूर्ण पटलेली नाही. पण आज गाऊट फारच चिघळलेला असेल आणि बाकी औषधं चालली नाहीत तर पेग्लोटिकेज नावाचं जे इंजेक्शन शिरेतून देतात, ते म्हणजे हेच हरवलेलं एन्झाइम बाहेरून देणं आहे.

आता सांधा का दुखतो? पाण्यात साखर टाकत गेलं की एका मर्यादेनंतर ती विरघळत नाही, तळाशी बसते, आणि पाणी थंड असेल तर अजून लवकर बसते, तसंच इथे. शरीराच्या तापमानाला रक्तात डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर युरिक ॲसिड गेलं की त्याचे सुईसारखे क्रिस्टल्स बनायची शक्यता तयार होते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, बाकी शरीरापेक्षा थंड आणि आयुष्यभर भार सोसून झिजलेला, म्हणून पहिला अटॅक बहुतेक वेळा तिथेच येतो. नंतर घोटा, गुडघा, मनगट, बोटं यांचा नंबर लागतो.

क्रिस्टल्स नुसते बसलेले असतात तोवर कधीकधी वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एखाद्या दिवशी तिथल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी ते गिळतात आणि आत धोक्याची घंटा वाजते. पेशीतली एनएलआरपी3 नावाची यंत्रणा सुरू होते, ती इंटरल्युकिन-1 बीटा नावाचा रेणू सोडायला लावते, त्या हाकेला लाखो पांढऱ्या पेशी सांध्यात धावून येतात आणि काही तासांत सांधा लाल, गरम, टम्म. ही साखळी 2006 मध्ये समजली, रोग मात्र हिपोक्रॅटिसच्या काळापासून माहीत आहे. पाळी जाण्याआधी बायकांना हा होत नाही असं त्यानं तेव्हाच नोंदवलं होतं, आणि ते बरंचसं बरोबर आहे कारण इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. सतराव्या शतकातल्या थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरला स्वतःला गाऊट होता, त्यानं लिहून ठेवलंय की अंगावरच्या पांघरुणाचं वजन सहन होत नाही आणि खोलीत कुणी चाललं तरी कळ येते. ज्यांना झालाय त्यांना यात अतिशयोक्ती वाटत नाही.

अटॅक बहुतेकदा रात्री किंवा पहाटे येतो, एका दिवसात कळस गाठतो आणि आठवड्या-दोन आठवड्यात आपोआप ओसरतो. हे आपोआप ओसरणंच घात करतं, कारण माणसाला वाटतं बरं झालं. तहानलेलं शरीर, दारू, उपाशी राहणं, ऑपरेशन, अशी कुठलीही उलथापालथ अटॅक आणू शकते.

निदानात एक घोळ नेहमी होतो. ऐन अटॅकमध्ये युरिक ॲसिड तपासलं तर ते नॉर्मल येऊ शकतं, मग डॉक्टर किंवा पेशंट म्हणतो गाऊट नाही. अशा वेळी अटॅक ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत तपासावं. पक्कं निदान म्हणजे सांध्यातलं पाणी सुईनं काढून पोलराइज्ड प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली क्रिस्टल्स बघणं, ही पद्धत 1961 पासून आहे. ताप असेल आणि एकच सांधा असा सुजला असेल तर हे पाणी काढणं टाळू नये, कारण सांध्यात इन्फेक्शन असलं तरी अगदी असंच दिसतं आणि ते थांबत नाही, सांधा खाऊन टाकतं.

उपचाराचे दोन वेगळे भाग आहेत आणि बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. पहिला भाग आग विझवायची. त्यासाठी सूज कमी करणाऱ्या पेनकिलर, कोल्चिसिन किंवा स्टेरॉइड. कोल्चिसिन हे एका फुलझाडातून मिळणारं फार जुनं औषध, पण आधी लोकांना जुलाब लागेपर्यंत देत, आता कमी डोस तितकाच चालतो हे सिद्ध झालंय. किडनी खराब असेल तर हे औषधही जपून आणि पेनकिलर तर बहुतेकदा नकोच, त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच घेऊन खाण्यात धोका आहे.

दुसरा भाग म्हणजे युरिक ॲसिड खाली आणून क्रिस्टल्स विरघळवणं. वर्षात दोन किंवा जास्त अटॅक, कानावर-कोपरावर-बोटांवर खडूसारख्या गाठी, किंवा एक्सरेत सांधा कुरतडलेला दिसत असेल तर हा भाग लागतोच. सगळ्यात वापरलं जाणारं औषध ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे ल्युकेमियाचं एक औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून जोडीला काहीतरी शोधत होते, त्यातून हे निघालं, आणि ते युरिक ॲसिड बनवणारं एन्झाइमच अडवतं हे लक्षात आल्यावर 1966 पासून ते गाऊटसाठी मिळू लागलं. दोघांना पुढे 1988 चा नोबेल मिळाला.

सुरुवात रोज 100 मिलिग्रॅमनं, किडनीचा त्रास असेल तर त्याहून कमी, आणि मग काही आठवड्यांनी तपासून डोस वाढवत जायचं, जोवर पातळी 6 च्या खाली येत नाही तोवर. 100 वरच वर्षानुवर्षं ठेवलेले पेशंट खूप असतात, पातळी 8 च्या खाली येत नाही, मग औषधाला दोष. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी लगेच बंद करून डॉक्टरकडे जायचं, कारण क्वचित ती रिॲक्शन जीवघेणी होते, काही आशियाई वंशांमध्ये एका विशिष्ट जनुकामुळे हा धोका जास्त असतो. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर तेही आधी सांगायचं.

खाण्याचं म्हणाल तर बिअर आणि बाकी दारू, साखरेची कोल्ड्रिंक्स, लाल मांस, लिव्हरसारखे अवयव, काही मासे हे खरे गुन्हेगार. 2004 मध्ये 47 हजारांवर पुरुषांच्या 12 वर्षांच्या अभ्यासात प्युरीन जास्त असलेल्या भाज्यांचा आणि गाऊटचा संबंध दिसला नाही, दुधाच्या पदार्थांनी उलट धोका कमी झाला. म्हणजे डाळ-पालक सोडून द्यायला सांगणाऱ्यांकडे फारसा आधार नाही. वजन कमी केल्यानं फायदा होतो, पण पथ्यानं आकडा फार तर एखाद्या अंकानं खाली येतो. बीपीसाठी थायाझाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिनंही युरिक ॲसिड वाढतं, ती मनानं बंद न करता बदलता येईल का हे विचारावं, लोसार्टन या बीपीच्याच गोळीनं ते थोडं कमी होतं.

आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत ॲलोप्युरिनॉल चालू असतानाच अटॅक आला तर घाबरून गोळी सोडायची नाही. जुने क्रिस्टल्स विरघळताना सुटे होतात आणि तेच प्रतिकारशक्तीच्या पेशींना डिवचतात, म्हणून पहिले तीन ते सहा महिने जोडीला कमी डोसचं कोल्चिसिन देतात. नंतरही रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडली तर पातळी काही दिवसांतच पुन्हा चढायला लागते, अटॅक मात्र महिन्यांनी किंवा वर्षांनी येतो, तोपर्यंत गोळी सोडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.